चार्जर एक, बॅटऱ्या अनेक : निवड कशी करावी?

धंद्यात हत्याराची किंमत सर्वांना कळते, पण हत्याराला जीव देणाऱ्या वस्तूची किंमत फार थोड्यांना कळते. सुतार ड्रिल मशीन घेताना दहा दुकाने फिरतो, भाव करतो, हातात धरून पाहतो. त्याच मशीनची बॅटरी ज्या चार्जरवर रोज चढते, तो चार्जर मात्र रस्त्यावरच्या पथारीवरून दोन मिनिटांत घेतला जातो. वर्षभराने बॅटरी बसते, मग कारागीर कंपनीला दोष देतो. वास्तविक पाहता पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून चार्जरचा असतो.

शीळफाट्याच्या परिसरात हा प्रश्न घरोघरी नसला तरी गाळोगाळी नक्कीच आहे. मुंब्रा-पनवेल रस्ता, कल्याण-शीळ रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. या तिन्ही रस्त्यांच्या कडेला गोदामे, गॅरेज, फर्निचरचे कारखाने, लोखंडाची व भंगाराची दुकाने आहेत. येथे फिटरच्या हातात कॉर्डलेस ड्रिल आहे, रात्री गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे हेडलाईट टॉर्च आहे, फळवाल्याकडे बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि लग्नसमारंभात साऊंड लावणाऱ्याकडे कॉर्डलेस माईक आहे. प्रत्येकाची बॅटरी वेगळी. तेव्हा प्रत्येकाची इच्छा एकच असते की, सर्वांना चालेल असा एकच चार्जर मिळावा. असा चार्जर मिळतो काय? मिळत असेल तर तो कसा ओळखावा? आजच्या धड्यात आपण याचाच विचार करणार आहोत.

बॅटरीच्या चार जाती

चार्जर घेण्याआधी आपल्याजवळ कोणत्या जातीची बॅटरी आहे हे ओळखले पाहिजे. बाजारात मुख्यतः चार जाती आहेत.

पहिली जात शिसे-आम्लाची, म्हणजे लेड-अ‍ॅसिड. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्ये तयार केली. गाडीची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी आणि तराजूच्या काट्यातील लहान चौकोनी सीलबंद बॅटरी ही सर्व याच घराण्यातील. तिचा एक कप्पा २ व्होल्टचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात.

दुसरी जात निकेल-कॅडमियमची. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये तिचा शोध लावला. जुन्या ड्रिल मशीनमध्ये व जुन्या आपत्कालीन दिव्यांत ती आढळते. सेल १.२ व्होल्टचा. यातील कॅडमियम विषारी असल्यामुळे तिचा वापर आता फार कमी झाला आहे.

तिसरी जात निकेल-मेटल हायड्राइडची. पेन्सिल सेलच्या आकारात मिळणारे बहुतेक रिचार्जेबल सेल याच जातीचे. व्होल्टेज तेवढेच, १.२. साधा सेल न वापरता ठेवला तरी महिन्याभरात त्याची २० ते ३० टक्के वीज आपोआप उतरते. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाचा सेल आणला, जो वर्षभर ठेवूनही बरीचशी वीज राखून ठेवतो. आता इतर कंपन्याही असे सेल बनवतात. माईकवाल्याने असेच सेल घ्यावेत. कार्यक्रम पंधरा दिवसांनी असला तरी ते दगा देत नाहीत.

चौथी जात लिथियम-आयनची. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साधा लिथियम सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा असून तो ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करतात. तिचाच एक भाऊ लिथियम-आयर्न-फॉस्फेट आहे. तो ३.२ व्होल्टचा असून ३.६५ वर थांबावे लागते. दिसायला दोघे जुळे, पण थांबण्याची जागा वेगळी, हे नीट लक्षात ठेवावे.

'सगळे चालते' म्हणजे काय?

चार्जरचे खरे काम वीज भरणे हे नव्हे. वीज तर साध्या ट्रान्सफॉर्मरनेही भरता येते. चार्जरचे खरे काम वेळेवर थांबणे हे आहे. पाण्याची टाकी भरली की कॉक बंद झाला पाहिजे. नाहीतर पाणी वाहून जाते. बॅटरीत मात्र जादा वीज वाहून जात नाही, ती उष्णता होऊन सेल शिजवते.

आता थांबण्याची खूण प्रत्येक जातीची वेगळी आहे. निकेलचा सेल भरत आला की त्याचे व्होल्टेज वर चढून किंचित खाली येते. हा उतार काही मिलिव्होल्टचाच असतो आणि हुशार चार्जर तो ओळखून थांबतो. लिथियमचा सेल आधी ठराविक करंटने भरतात. ४.२ व्होल्ट झाले की व्होल्टेज तेथेच धरून करंट कमी करत नेतात व शेवटी बंद करतात. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीला भरताना सुमारे १४.४ व्होल्ट लागतात आणि भरल्यानंतर कायम जोडून ठेवायची असेल तर सुमारे १३.५ ते १३.८ वर उतरावे लागते.

बटणाच्या मोबाइलच्या काळात दोन सरकत्या पिनांचा 'युनिव्हर्सल चार्जर' घरोघरी होता. त्याला युनिव्हर्सल म्हणत असले तरी तो केवळ एका लिथियम सेलचाच चार्जर होता. पिना सरकत होत्या, म्हणजे आकार बदलत होता. जात मात्र एकच होती. आजही अनेक स्वस्त चार्जरांवर 'सर्व बॅटरींसाठी' असे छापलेले असते. त्याचा अर्थ इतकाच की सेल त्यात बसतो. बसणे वेगळे आणि चालणे वेगळे! लिथियम-फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल साध्या लिथियम चार्जरमध्ये अगदी व्यवस्थित बसतो, आणि ४.२ व्होल्टपर्यंत ओढला जाऊन खराब होतो.

असाच आणखी एक सापळा आहे. १४५०० क्रमांकाचा लिथियम सेल साध्या पेन्सिल सेलच्या मापाचाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो. तो माईकमध्ये किंवा घड्याळात घातला तर यंत्र जळू शकते, आणि निकेलच्या चार्जरमध्ये घातला तर सेलच धोक्यात येतो. म्हणून आकार पाहू नका, सेलवरील अक्षरे वाचा.

चार्जर घेताना पाहावयाच्या सहा गोष्टी

१. जातींचा स्पष्ट उल्लेख. चार्जरवर किंवा माहितीपत्रकात निकेल-मेटल हायड्राइड, लिथियम-आयन ४.२ व्होल्ट, लिथियम-फॉस्फेट ३.६५ व्होल्ट असे वेगवेगळे लिहिलेले असावे. नुसते 'मल्टी' लिहिले असेल तर तो चार्जर परत ठेवावा.

२. प्रत्येक घराचा स्वतंत्र हिशेब. जुने चार्जर दोन-दोन सेलांची जोडी भरतात. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर एक शिजतो व दुसरा उपाशी राहतो. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा किंवा पडद्यावर वेगळा आकडा असेल तर घरे स्वतंत्र आहेत असे बहुधा समजावे, आणि दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. तीन सेल लावूनही तो चालला पाहिजे, ही त्याची सोपी परीक्षा होय.

३. करंट निवडण्याची सोय. लहान सेलाला थोडा करंट आणि मोठ्याला जास्त. ५०० मिलिअ‍ॅम्पिअर आणि १००० मिलिअ‍ॅम्पिअर अशा किमान दोन पायऱ्या असाव्यात.

४. सरकती पट्टी आणि लांबी. १८६५० या क्रमांकाचा अर्थ १८ मिलिमीटर जाडी व ६५ मिलिमीटर लांबी असा आहे. परंतु संरक्षक सर्किट बसवलेला सेल ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जातो. २१७०० आणि २६६५० हे सेल जाडही असतात. तुमचा सर्वांत मोठा सेल बरोबर नेऊन दुकानातच बसवून पाहावा.

५. क्षमता मोजण्याची सोय. काही चार्जर सेल पूर्ण रिकामा करून पुन्हा भरतात आणि त्यात किती वीज मावली ते पडद्यावर दाखवतात. जो रोज सेल विकतो किंवा दुरुस्त करतो त्याने ही सोय नसलेला चार्जर घेऊच नये. ही सोय म्हणजे त्याचा तराजू आहे.

६. विजेची बाजू. आत येणारी वीज १०० ते २४० व्होल्ट चालते असे लिहिलेले असावे, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त झाले तरी चार्जर टिकतो. यूएसबीवर चालणारा चार्जर असेल तर त्याला पुरेसा अडॅप्टर हवा. चार घरांना प्रत्येकी १ अ‍ॅम्पिअर लिथियम सेल भरायचे असतील तर मोबाइलचा जुना ५ वॅटचा अडॅप्टर ते ओझे उचलू शकणार नाही.

खोट्या मापापासून सावध

लॅमिंग्टन रोडपासून आठवडी बाजारापर्यंत ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल सर्रास विकले जातात. हे माप खोटे आहे. या आकाराच्या उत्तम सेलाची क्षमताही ३५०० एमएएचच्या आसपासच थांबते. अनेक नकली सेलांत हजारभरही वीज नसते.

आपल्या व्यापारी बंधूंजवळ काटा असतोच. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. त्यापेक्षा फार हलका सेल आला तर आत काहीतरी कमी आहे असे समजावे. वजन बरोबर असले म्हणजे सेल अस्सलच असतो असे नाही, परंतु वजन कमी असेल तर मात्र संशयाला जागा राहत नाही. माप-तोलात कमी देऊ नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. सेलवर छापलेला आकडा हेही एक मापच आहे, हे विकणाऱ्याने विसरू नये.

हत्यारांच्या बॅटऱ्यांवरही असेच आकडे असतात. ज्याला १८ व्होल्ट म्हणतात आणि ज्याला '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात, त्या दोन्हींत सहसा पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पहिला आकडा कामाच्या वेळचा आणि दुसरा पूर्ण भरल्यावरचा. काही स्वस्त मशीनवर ४८ किंवा ८८ असा आकडा अक्षरांच्या शेपटासह छापलेला असतो आणि आत तेच पाच सेल निघतात. आकड्याला भुलून त्या व्होल्टेजचा चार्जर शोधू नये.

सीलबंद रिचार्जेबल सेल आणि बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. यासाठी आय. एस. १६०४६ हे मानक असून त्याचा पहिला भाग निकेलच्या आणि दुसरा भाग लिथियमच्या बॅटऱ्यांसाठी आहे. मालावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते दिसते. घाऊक माल उचलणाऱ्याने पैसे देण्याआधी हे दोन मिनिटांचे काम अवश्य करावे.

थोडा हिशेब

चार्जर किती वेळ लावायचा? सेलची क्षमता भागिले चार्जरचा करंट, हा मूळ हिशेब. २००० एमएएचचा निकेल सेल २०० मिलिअ‍ॅम्पिअरवर लावला तर १० तास येतात. नुकसान धरून १४ तास लागतात. तोच सेल १००० वर लावला तर २ तास येतात व प्रत्यक्षात अडीच तासांच्या आत भरतो. निकेलच्या हुशार चार्जरला फार कमी करंटवर तो व्होल्टेजचा उतार नीट ओळखता येत नाही. म्हणून अशा चार्जरवर २००० एमएएचचा सेल ५०० ते १००० च्या दरम्यान भरणे योग्य. सावकाश भरले म्हणजे नेहमीच चांगले, हा समज सर्वत्र लागू पडत नाही.

विजेचा खर्च किती? २००० एमएएच गुणिले १.२ व्होल्ट म्हणजे २.४ वॅट-तास. चार सेलांचे ९.६. गळती धरून दुप्पट, म्हणजे २० वॅट-तास समजू. एक युनिट १००० वॅट-तासांचे. म्हणजे एका युनिटात चार सेलांचा संच ५० वेळा भरतो. शीळ-मुंब्रा-कळवा भागात २०२० पासून वीज वितरण टोरंट पॉवरकडे आहे. आपल्या बिलावरील युनिटचा दर पाहून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा. एका वेळचा खर्च पैशांत येईल.

मग पैसा जातो कोठे? तो सेलच्या आयुष्यात जातो. समजा चार सेलांचा संच ८०० रुपयांना घेतला. चांगल्या चार्जरवर तो ५०० वेळा भरला तर एका वेळेला १ रुपया ६० पैसे पडतात. वाईट चार्जरवर १०० वेळांतच बसला तर ८ रुपये पडतात. वर्षाला २०० वेळा चार्ज करणाऱ्याचे १२८० रुपये जादा गेले. म्हणजे स्वस्त चार्जर हाच महाग चार्जर ठरला!

कोणी कोणता घ्यावा?

माईक, कॅमेरा, घड्याळ, टॉर्च यांसाठी पेन्सिल सेल वापरणाऱ्याने चार स्वतंत्र घरांचा निकेल चार्जर घ्यावा. त्याला त्याहून मोठ्या चार्जरची गरज नाही. पेन्सिल सेलच्या आकारात १.५ व्होल्टचे लिथियम सेलही आता मिळतात. त्यांच्या आतच स्वतःचे सर्किट असते. ते निकेलच्या चार्जरमध्ये न घालता कंपनीने सांगितल्याप्रमाणेच चार्ज करावेत.

टॉर्च व हेडलाईट विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्याने निकेल, लिथियम व लिथियम-फॉस्फेट अशा तिन्ही जातींचा, क्षमता मोजणारा चार घरांचा चार्जर घ्यावा. खऱ्या अर्थाने बहुगुणी चार्जर हाच. एक सूचना : थेट प्लग असलेल्या अनेक स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसून केवळ कपॅसिटर असतो. प्लग लावलेला असताना आतील प्रत्येक तारेत घरची वीज खेळत असते. शागीर्दांना हे पहिल्या दिवशीच सांगावे.

सुतार, फिटर, अ‍ॅल्युमिनियमवाले यांच्यासाठी बहुगुणी चार्जर शोधण्यापेक्षा एकाच कंपनीची हत्यारे घेणे शहाणपणाचे. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ यांना एकच बॅटरी व एकच चार्जर चालतो. शिवाय २ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी १ अ‍ॅम्पिअरच्या चार्जरवर दोन तासांहून जास्त वेळ घेते. जेवणाच्या सुट्टीत ती भरायची असेल तर २ अ‍ॅम्पिअरहून मोठा चार्जर लागेल. कारागिराचा थांबलेला तास हा चार्जरच्या किमतीत धरावा.

काटा आणि इन्व्हर्टर वापरणाऱ्याने शिशाच्या बॅटरीचा, भरल्यावर व्होल्टेज उतरवणारा चार्जर वापरावा. काट्यात सहसा ४ किंवा ६ व्होल्टची बॅटरी असते. तेव्हा चार्जर त्याच व्होल्टचा हवा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. म्हणून दुकान महिनाभर बंद ठेवण्याआधी ती पूर्ण भरून ठेवावी. लिथियमचे याच्या उलट आहे. ती लांब मुदतीसाठी अर्धीच भरून ठेवावी.

बॅटरी पॅक बांधणाऱ्या कारागिराने बॅलन्स चार्जर घ्यावा. आयमॅक्स बी-६ या नावाने ओळखला जाणारा चार्जर निकेल, शिसे आणि एकापुढे एक जोडलेले ६ पर्यंत लिथियम सेल भरतो व प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे पाहतो. त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. शिवाय अशा चार्जरमध्ये जात निवडण्याचे काम माणसाचे असते. चुकीची जात निवडली तर यंत्र सांगितलेलेच करील. म्हणून तो शिकलेल्या हातातच द्यावा.

आगीचा प्रश्न

शीळफाटा-डायघर पट्ट्यात गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या वेळोवेळी वाचावयास मिळतात. प्रत्येक आगीचे कारण वेगळे असते. पण लिथियमची बॅटरी एकदा आतून तापू लागली की ती स्वतःच स्वतःला पेटवत नेते, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे. त्यासाठी हे नियम पाळावेत.

• गाळा बंद करून घरी जाताना कोणताही चार्जर चालू ठेवू नये.

• चार्जर लाकडाचा भुसा, फोम, थिनर, चिंध्या यांपासून दूर, फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर ठेवावा.

• लिथियम बॅटरी ४५ अंशांहून जास्त तापमानात चार्ज करू नये. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गाळ्यात दुपारी ही मर्यादा सहज गाठली जाते. सकाळी चार्ज करावे.

• फुगलेली, चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. साधे, रिचार्ज न होणारे सेलही चार्जरमध्ये घालू नयेत.

बाद झालेल्या बॅटऱ्यांसाठी २००१ च्या जुन्या नियमांच्या जागी २२ ऑगस्ट २०२२ रोजी मंजूर होऊन त्याच महिन्यात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. त्यांप्रमाणे वापरकर्त्याने बाद बॅटरी इतर कचऱ्यातून वेगळी काढून ती संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावयाची आहे. जुन्या बॅटऱ्या नव्याने बांधून विकण्याचा धंदा करणाऱ्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनी लिथियमच्या बॅटऱ्या वेगळ्या काढून, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. लोखंडाच्या ढिगात पडलेली एक बॅटरी संपूर्ण गोदामाची शत्रू बनू शकते.

वाचकांसाठी अभ्यास

या आठवड्यात प्रत्येकाने तीन कामे करावीत. पहिले, आपल्या गाळ्यातील सर्व बॅटऱ्या एका जागी मांडून त्यांची जात, व्होल्टेज आणि क्षमता वहीत लिहावी. दुसरे, प्रत्येक चार्जरवरील लेबल वाचून तो कोणत्या बॅटरीचा आहे ते त्याच वहीत लिहावे आणि चार्जरवर रंगाने मोठी खूण करावी. तिसरे, ज्या बॅटरीसमोर चार्जर सापडला नाही किंवा चुकीचा सापडला, तिच्यापुरतीच खरेदी करावी.

असे केल्यावर पुष्कळांना आढळून येईल की, त्यांना सर्व चालणाऱ्या चार्जरची गरजच नव्हती. दोन योग्य चार्जर पुरेसे होते. ज्यांना खरोखर बहुगुणी चार्जर लागतो, त्यांनी तो वर दिलेल्या सहा कसोट्यांवर घासून घ्यावा. दुकानात पाच मिनिटे जास्त उभे राहिल्याने कोणाचा धंदा बुडत नाही, पण न वाचता घेतलेल्या वस्तूमुळे पुष्कळांचा बुडालेला आहे.